डबा रिकामा होईपर्यंत

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. पलीकडे तिचा मुलगा मधू होता. "शरूताई, अक्का गेली. झोपेतच." मी गॅस बंद केला आणि म्हणाले, "निघतेच. डॉक्टरांचा दाखला आधी घेऊन ठेव, मागाहून धावाधाव होते." बनशंकरीहून मल्लेश्वरमला जाताना रिक्षात वाटलं, आपण जरा कोरडंच बोललो. पण माझ्या जागी अक्का असती तर तीही हेच म्हणाली असती. आधी दाखला, मग रडणं. तिच्याच हाताखाली मी वाढले.

आमची शेवटची भेट झाली ती निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी. मधूने तिला खुर्चीत बसवून मत द्यायला नेलं होतं आणि बोटावरची शाई अजून होती. समोर टीव्ही चालू होता, खालून आकडे सरकत होते. अक्का डोळे बारीक करून बघत होती. एकदम म्हणाली, "हे फार भराभर पुसतात गं!" मधू समजुतीच्या सुरात म्हणाला, "अक्का, टीव्ही आहे तो. फळा नाही." अक्काने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मधू बिचारा गोंधळला. त्याला कळणार तरी कसं... फळ्याच्या वेळी तो पाळण्यात होता.

अक्का माझी मोठी चुलती. आम्ही बंगळूरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. आमच्या घरात बोलणं मराठी आणि हाका निम्म्या कानडी, म्हणून मोठ्या काकूला सगळे अक्का म्हणत आणि मोठ्या काकांना आम्ही मुलं दोड्डप्पा म्हणत असू. चामराजपेटेत आमचं भाड्याचं घर होतं. दोड्डप्पा पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका कानडी दैनिकात प्रुफं तपासत. घरातला शेवटचा शब्द आजोबांचा. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, फेटा आणि कोट घातल्याशिवाय फाटकापर्यंतही न जाणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, पण घराच्या वतीने आपण एकट्याने बोललं की पुरतं अशी त्यांची खात्री होती.

त्यामुळे पहिल्या निवडणुकीत काय झालं, तर मतदारांची नावं लिहून घ्यायला माणूस आला तेव्हा आजोबांनी दारातच त्याला पुरुषांची नावं सांगितली आणि बायकांच्या वेळी म्हणाले, "ही माझी बायको, ही थोरली सून, ही धाकटी." त्यानेही तसंच लिहिलं. अमक्याची बायको, तमक्याची सून अशा नोंदी तेव्हा घरोघर झाल्या होत्या. पुढे वरून हुकूम आला की नाव नसलेली बाई यादीत धरायची नाही. मतदानाच्या दिवशी अक्का इरकली लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून शाळेपर्यंत गेली आणि तशीच परत आली. मी तेव्हा अगदी लहान होते, हे मला तिनेच पुढे सांगितलं. म्हणायची, "नाव नाही म्हणाले. एवढी धडधडीत समोर उभी होते मी!"

सत्तावन सालच्या निवडणुकीआधी पुन्हा नावं लिहायला माणूस आला. आजोबांनी सुरुवात केली, "ही माझी थोरली..." तोच अक्का पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तो त्या माणसापुढे ठेवला आणि म्हणाली, "सुभद्रा. लिहा." सासऱ्यासमोर सुनेने असं स्वतःचं नाव घ्यायची रीत नव्हती. त्या माणसाने लिहून घेतलं. मला तर त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अक्काला नाव आहे.

मत देऊन आली ती खुशीत. तेव्हा उमेदवारागणिक वेगळी पेटी असे आणि पडद्याआड जाऊन आपल्या पेटीत चिठ्ठी टाकायची असे. कोणत्या पेटीत टाकली, ते तिने सांगितलं नाही. आजोबांनी विचारलंही नाही, कारण 'आपल्या घरची मतं' कुठे पडली हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. खरी पंचाईत निकालाची होती. निकाल आमच्या घरात पुरुषांच्या पायांनी यायचे. आजोबा आळीतल्या वकिलांकडे रेडिओ ऐकायला जाणार, परत येऊन हातपाय धुणार, जेवणार आणि ढेकर देऊन म्हणणार, "झाला तो निवडून." किती मतांनी, दुसऱ्याला किती पडली, असं बायकांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

अक्काला करायचं होतं. आपलं मत ज्या आकड्यात गेलं तो आकडा तिला डोळ्यांनी बघायचा होता. दोड्डप्पांच्या कचेरीबाहेर मोठा फळा लावत, त्यावर निकाल येतील तसे खडूने लिहीत आणि अर्धी पेट तिथे लोटे, हे तिने नवऱ्याकडून ऐकलं होतं. पण दिवेलागणीनंतर पुरुषांच्या त्या गर्दीत चांगल्या घरची बाई जाणार कशी? निकालाच्या दिवशी दोड्डप्पांना उशिरापर्यंत काम होतं. एरवी कचेरीतला शिपाई डबे न्यायला येई, पण त्यालाही त्या गडबडीत सवड नव्हती. अक्काने तीन पुडांचा पितळी डबा काढला. खाली हुळी-भात, म्हणजे आपला सांबार-भात, मध्ये बीन्सची भाजी, वर दहीभात. कडी लावली आणि माजघरातूनच म्हणाली, "मामंजी, ह्यांचा डबा देऊन येते."

"तू? इतक्या गर्दीत?"

"मग काय उपाशी ठेवू त्यांना?"

"एकटी जाणार?"

"एकटी कुठे? ही शरू आहे ना सोबत."

मी नऊ वर्षांची सोबत! आजोबांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं, पण मुलाच्या जेवणाला नाही म्हणता येईना. "देऊन लगेच या," म्हणाले.

माणसांनी भरलेला असा रस्ता मी आधी पाहिलेला नव्हता. समोरच्या हॉटेलातला रेडिओ ठणाणत होता, लोक कॉफीचे पेले घेऊन रस्त्यातच उभे. उकडलेल्या शेंगांचा गाडा लागला होता आणि 'कडलेकाई, कडलेकाई' ओरडणारा गाडीवाला फळ्याकडे बघायच्या नादात गिऱ्हाइकाला जास्त शेंगा देत होता. भिंतीवर फळा, त्यावर दिवा आणि स्टुलावर उभा राहून लिहिणारा एक गृहस्थ. आतून कागद यायचा, तो फळ्याचा भाग पुसायचा, नवं लिहायचा, की गर्दीतून आरोळी नाहीतर हाय हाय. अक्काने दारावर डबा दिला आणि पदर सावरून गर्दीला भिडली. "स्वल्प जागा बिडी," थोडी जागा द्या, असं म्हणत ती कोपराने वाट काढत होती आणि डब्याच्या रिकाम्या पिशवीला धरून मी मागे. थेट स्टुलाखाली पोचलो. अक्काने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. आमच्या भागाचं नाव नव्हतं.

"चामराजपेटेचं कधी?" तिने कानडीत विचारलं.

"झालं की, अम्मा. मघाशीच पुसलं."

अक्काचा चेहरा उतरला, हे मला खालूनही दिसलं. शेजारचा एक जण म्हणाला, "अम्मा, अमुक निवडून आले. आता घरी जा." म्हणजे पुन्हा तेच!

"ते मला घरीही कळलं असतं," अक्का म्हणाली. "मला आकडा बघायचाय. अण्णा, पुन्हा लिहा."

स्टुलावरचा माणूस बघतच राहिला. मागून कुणीतरी टोमणा मारला, "काय अम्मा, यजमान निवडणुकीला उभे होते वाटतं?" हशा पिकला. अक्का वळली. तिचा आवाज मुळातच मोठा, त्यात ती चिडलेली.

"यजमान आत प्रुफं तपासतायत. मत मी दिलंय!"

मग शेंगांच्या गाडीवाल्याने हाक दिली, "बरेयप्पा!" लिही रे बाबा! लगेच आणखी चार जण ओरडले, "बरेयप्पा, बरे!" स्टुलावरच्या गृहस्थाने सुस्कारा टाकला, आत वाकून जुना कागद मागून घेतला आणि फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, अक्काच्या डोळ्यांसमोर येईल असं, बारीक अक्षरात लिहिलं. तीन नावं, तीन आकडे. अक्का बराच वेळ ते वाचत राहिली. मी विचारलं, "काय आहे त्यात?"

"यातला एक माझा आहे," ती म्हणाली. "मी गेले नसते, तर तो आकडा एकाने कमी असता."

"कोणत्यातला?"

"ते विचारायचं नसतं."

त्यानंतर तिने आरामात शेंगा घेतल्या. इतर जागांचे निकाल बघत, जिंकणाऱ्या-हरणाऱ्यांवर शेरे मारत आम्ही उभ्या होतो. मला आजोबांचं 'लगेच या' आठवत होतं. "जायचं ना, अक्का?" मी म्हटलं. "रिकामा डबा आल्याशिवाय कशी जाऊ?" ती साळसूदपणे म्हणाली. डबा काही लवकर आला नाही. घरी पोचलो तेव्हा आजोबा दारात उभे. अक्का म्हणाली, "काय करू, मामंजी, ह्यांचं जेवणच आवरेना." पुढे कधीतरी मी दोड्डप्पांना विचारलं की एवढा वेळ काय जेवत होतात. ते चष्मा पुसत म्हणाले, "जेवायला कितीसा वेळ लागतो? डबा पायाशी ठेवला होता. तुमचं बघून झालं का, ते मधूनमधून खिडकीतून बघत होतो." त्यांच्या लग्नाबद्दल मला जे काही ठाऊक आहे, त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं हेच.

बासष्टच्या निवडणुकीपर्यंत ही गोष्ट आळीत पसरली होती. निकालाच्या संध्याकाळी समोरच्या कमलम्मा दारात आल्या, हातात डबा. त्यांच्या यजमानांचं सुताचं दुकान, ते घरात आडवे पडलेले. "तुमच्याबरोबर येते," म्हणाल्या, "प्रेसमध्ये कुणीतरी उपाशी असेलच." कोपऱ्यावर आणखी दोघी मिळाल्या, त्यांच्याही हातात डबे. दोड्डप्पांच्या कचेरीत त्या दिवशी लिंबाच्या चित्रान्नापासून पुरणाच्या होळिगेपर्यंत सगळं जेवायला होतं आणि फळ्याखाली बायकांची एक रांगच उभी होती. स्टुलावरचा तोच गृहस्थ अक्काला पाहून म्हणाला, "अम्मा, तुमचं पुसायच्या आधी विचारतो, सरी? चालेल?"

सदुसष्ट साल उजाडलं तोवर दोड्डप्पा निवृत्त झाले होते. मी कॉलेजात जात होते. आमच्याही घरी रेडिओ आला होता आणि आजोबा आता थकले होते, रेडिओला कान लावून आरामखुर्चीत बसत. निकालाच्या संध्याकाळी दोड्डप्पा पाटावर जेवायला बसले. अक्काने त्यांना वाढलं आणि मागे वळून, रोजचंच काम असल्यासारखा, फळीवरचा डबा काढून भरायला घेतला. खाली हुळी-भात, मध्ये भाजी... आजोबांची दृष्टी अधू झाली होती, पण डब्याच्या कडीचा आवाज त्यांना बरोबर कळला.

"डबा कुणाला?"

अक्का भात दाबून भरत राहिली.

"अगं, तो इथे जेवतोय. आणि रेडिओ आहे की घरात!"

अक्काचा हात डब्यावर तसाच राहिला. दहा वर्षं पुरलेली सबब पाटावर बसून भात कालवत होती. मला वाटलं, आता ती डबा उचलून ठेवणार. तेवढ्यात दोड्डप्पांनी पानातला हात थांबवला, उठले, हात धुतला, खुंटीवरचा कोट अंगात घातला आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "मी पुढे होतो. तू डबा घेऊन ये."

आणि गेले. अर्धं पान तसंच टाकून!

अक्काने दहीभाताचा पूड वर बसवला, कडी लावली. तिच्या ओठांवर येऊ पाहणारं हसू तिने कसंबसं आवरलेलं होतं. आम्ही दोघी दाराशी पोचलो तेव्हा मागून आजोबांची हाक आली. आता काय, म्हणून अक्का थबकली.

"सूनबाई... किती मतांनी, ते नीट बघून या. हा रेडिओ आकडे सांगत नाही."

त्या संध्याकाळी दोड्डप्पा आपल्याच जुन्या कचेरीच्या पायरीवर बसून डब्यातलं जेवले, अगदी सावकाश. आल्यावर अक्काने आजोबांना एकूण एक आकडे म्हणून दाखवले. ते मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी त्यांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "आणि तुझं कुणाला?" अक्का म्हणाली, "मामंजी, ते विचारायचं नसतं."

तिने कुणालाच सांगितलं नाही. दोड्डप्पांनाही नाही, असं मला वाटतं.

दिवस झाल्यावर मधूच्या बायकोने अक्काच्या वस्तू मांडल्या आणि म्हणाली, काय हवं ते घ्या. साड्या, शाल कुणी कुणी घेतल्या. मी डबा मागितला. "कल्हई पार उडालीय, शरूताई," मधू म्हणाला, "काय करणार त्याचं?" शिवाजीनगरला अजून एक कल्हईवाला बसतो, त्याच्याकडून मी तो नीट करून आणला. कडी जरा वाकडी आहे, डावीकडे दाबल्याशिवाय बसत नाही, ती मी सरळ करू दिली नाही.

आमच्या घरी नवऱ्याने डबा वरच्या फळीवर ठेवायला उचलला. मी म्हटलं, "वर नको. खालीच राहू दे, हाताशी." त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, "कॉर्पोरेशनच्या निवडणुका लागल्यात. मोजणी होते त्या कॉलेजबाहेर अजून कर्णा लावतात, माणसं जमतात."

"मग डबा कुणासाठी?"

हा गृहस्थ निवृत्त झाल्यापासून खुर्चीतून उठायला तयार नसतो. मी डब्याची कडी डावीकडे दाबून बसवली आणि म्हटलं, "तुमच्यासाठी. तुम्ही पुढे व्हायचं."