दुपारची शिट्टी

समोरच्या घराच्या खिडकीवर तीन आठवड्यांतला एक आठवडा दिवसाढवळ्या चादर टांगलेली असायची. कदमांची तिसरी पाळी चालू आहे आणि ते कारखान्यातून येऊन झोपलेत, हे त्यावरून कळायचं. त्या आठवड्यात वहिनी कुकर लावत नसत. भात पातेल्यात शिजायचा.

गेल्या वर्षी कदमांना शुगर निघाली, पाठोपाठ बीपी. जिन्यात भेटले तेव्हा गोळ्यांचं पाकीट दाखवत म्हणाले, "ही सकाळी उपाशीपोटी घ्यायचीय. आता माझी सकाळ कोणती धरू, सांगा." मी हसलो, तेही हसले. पाळ्यांच्या वीस वर्षांत त्यांचं शरीर हेच विचारत आलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

या उन्हाळ्यात, अशाच एका चादर लावलेल्या दुपारी, झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. संध्याकाळी चहासाठी उठवायला जाईपर्यंत वहिनींना कळलंही नाही. घर त्यांनी इतकं शांत ठेवलं होतं.

आता ती खिडकी उघडीच असते. काल दुपारी आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. वहिनींनी धावत जाऊन गॅस बंद केला, आणि झोपमोड झाली की काय म्हणून खिडकीजवळच्या पलंगाकडे पाहिलं.