वेसाव्याची चमचमकुमारी

नंदकुमार मास्तरांनी गोष्ट लिहिली आणि सगुणाने तिचा तमाशा केला. मास्तर स्वतःच असं सांगायचे. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार किती आणि अभिमान किती, हे मात्र कुणाला कधी कळलं नाही.

मास्तर मूळचे संगमेश्वरकडचे. वेसाव्याच्या शाळेत मराठी शिकवायचे, एकटेच राहायचे, आणि मुलांनी 'ण'ला 'न' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. १९६७च्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एक बालनाट्य लिहिलं. चमचमकुमारी नावाची साधी शाळकरी मुलगी. तिच्याजवळ चंद्राच्या तुकड्याची कांडी. राक्षस आला की ती तीन गिरक्या घेणार, रूप पालटणार, लढणार. शेवटी मात्र जगाच्या भल्यासाठी कांडी समुद्राच्या स्वाधीन करणार आणि पुन्हा चारचौघींसारखी होणार. त्या वेळचं तिचं भाषण मास्तरांनी पाच वेळा लिहून काढलं होतं. पाचव्या वेळी त्यांचेच डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी लेखणी ठेवली.

कुमारीच्या कामाला सगुणा निवडली गेली ती आवाजावर. तेरा वर्षांची पोर, पण आईबरोबर बाजारात बसून रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक हाकेसरशी वळवायची. राक्षसाची अडचण होती, कारण शाळेत सगुणाहून उंच मुलगाच नव्हता. मग मास्तरांनी आपला मित्र कॉस्मस याला गळ घातली. कॉस्मस मरोळच्या गावठाणातला, छापखान्यात खिळे जुळवायचा. सव्वासहा फूट उंच, आणि इतका सभ्य की शिंकला तरी आजूबाजूच्यांना 'सॉरी' म्हणायचा.

खेळाच्या दिवशी सगळं आधी सुरळीत चाललं. राक्षस आला, कुमारीने गिरक्या घेतल्या, दोन मुलींनी चादर धरली. चादरीआड सगुणाने रुपेरी झगा डोक्यातून घालायचा, की झालं रूपांतर. झगा डोक्यात गेला आणि तिथेच अडकला. चादर ठरल्याप्रमाणे खाली आली. रंगमंचावर एक रुपेरी पोतं दोन्ही हात वर करून उभं होतं, आणि आतून आवाज येत होता, "अगो आये, मना काय दिसत नाय!"

पोतं चाचपडत पुढे आलं. हातातली कांडी गरगर फिरत होती. ती फाटकन कॉस्मसच्या कपाळावर बसली. कांडी लागली की मरायचं, एवढंच कॉस्मसला पाठ होतं. तो बिचारा प्रामाणिकपणे मेला. नाटक सुरू होऊन चार मिनिटं झाली होती, आणि राक्षस शेवटच्या अंकात मरायचा होता.

सगुणाने डोकं बाहेर काढलं आणि आडव्या राक्षसाकडे बघितलं. कॉस्मसने एक डोळा उघडून हळूच विचारलं, "आता काय करू?"

"मेलेल्या माणसाने बोलाचा नाय," सगुणा ठणकावून म्हणाली.

"सॉरी," राक्षस म्हणाला.

मग जे हसू उसळलं ते थांबेचना. पुढची चाळीस मिनिटं सगुणाने मेलेल्या राक्षसाशी भांडण्यात काढली. त्याच्या उंचीचं पापलेट आमच्या जाळ्यात का येत नाही इथपासून, तो दरवाजातून आत शिरतो तरी कसा इथपर्यंत. चंद्र, समुद्र, जगाचं भलं, सगळं बाजूला राहिलं. मास्तर विंगेत हातात वही धरून उभे होते. भाषणाच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं होतं, ते त्यांनी खेळ संपेपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी गावाने दुसरा भाग मागितला. मास्तरांनी नाही नाही म्हणत लिहिला. मग शिमग्याला तिसरा, नारळी पुनवेला चौथा. नऊ वर्षांत एकोणीस भाग झाले. प्रत्येक भागात मास्तर कसून कथानक घालायचे, आणि प्रत्येक भागात ते पहिल्या दहा मिनिटांत बुडायचं. रूपांतर एकदाही धड झालं नाही. एकदा झगा उलटा, एकदा चादर धरणाऱ्या मुलीच चादरीत गुंडाळलेल्या, एकदा कुमारीच्या जागी राक्षसच रुपेरी झगा घालून बाहेर आला आणि लाजला. शेवटचं भाषण मात्र मास्तर दर वेळी इमानाने जोडायचे. तिथवर कधी कुणी पोचलंच नाही.

१९७३ साली सगुणाचं लग्न झालं. नवरा लहू, स्वतःच्या होडीवर जाणारा, कमी बोलणारा. त्याची काही हरकत नव्हती, पण सासू पुतळाबाईंची होती.

"सून लोकांसमोर गिरक्या घेनार? माझ्या घरची?"

"आये, तू येऊन बघ तरी," लहू म्हणाला.

सुनेवर नजर ठेवायला म्हणून पुतळाबाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या. पाच मिनिटं त्या गंभीर होत्या. मग झगा अडकला, आणि त्या उभ्या राहून ओरडल्या, "अगो, डावा हात आधी काढ, डावा!" सगुणाने वरूनच उत्तर दिलं, "सासूबाई, इथे तरी सुखाने जगू द्या!" त्या दिवसापासून पुतळाबाईंची जागा ठरून गेली. पुढच्या भागाच्या आधी त्यांनी मास्तरांना निरोप पाठवला, की आपल्याला बोलायला यंदा जरा जास्त जागा ठेवावी.

१९७६ला मास्तरांची मुलुंडच्या शाळेत बदली झाली. जाण्याआधी एक शेवटचा खेळ ठरला. मास्तर सगुणाकडे आले. ती दारात कोळंबी सोलत होती, मुलगी पाठीवर लोंबत होती.

"सगुणा, एक मागणं आहे. यंदा ते भाषण होऊ दे. मला ते एकदा ऐकायचंय."

सगुणा चपापली. नऊ वर्षांत मास्तरांनी तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिला एकदम आपण या माणसाचं काहीतरी सतत लांबवत आलो असं वाटलं.

"मना पाठ हाय ते," ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासनं."

तिने कॉस्मसला बजावलं की या वेळी एकही विनोद नाही. झग्याचे हुक स्वतः बदलले. खेळाच्या दिवशी चादर खाली आली आणि चमचमकुमारी रुपेरी झग्यात सरळ, देखणी उभी होती. मग मागून कुणीतरी ओरडलं, "अगो, चुकलीस तू! झगा नीट आला!" आणि सगळं पटांगण हसलं.

सगुणा थांबली नाही. राक्षसाला तिने वेळेवर मारलं. तो मेला आणि गप्प राहिला, यावर लोक पुन्हा हसले. शेवटी ती पुढे आली, कांडी दोन्ही हातांत धरली आणि भाषण सुरू केलं. "समुद्रा, माझं तेज तुझंच होतं. उद्यापासून मी गर्दीतली एक." लोकांना वाटलं, आता काहीतरी होणार. ते हसत वाट बघत राहिले. काहीच होईना, म्हणून अधिकच हसले. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर कुणी म्हणालं, "काय रडते बघ! अगदी खरं वाटतंय!" पुतळाबाईंनी हाक दिली, "तेज संपला असेल तर घरी ये, मासली पडलीय!" शेवटचं वाक्य टाळ्यांत ऐकूच आलं नाही.

आत आल्यावर तिने कांडी फेकून दिली. "लोकांना काही कळत नाय, मास्तर!"

मास्तर चष्मा पुसत होते. "नऊ वर्षं आपणच शिकवलं त्यांना. आता परीक्षेत नापास कसं करायचं?" मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "बाकी छान म्हणालीस. एके ठिकाणी 'चांदणं'च्या जागी 'चांदी' झालं."

मास्तर मुलुंडला गेले. सगुणा अंधेरीच्या बाजारात बसायला लागली. दोन वर्षं बरी गेली. मग मास्तरांचं कार्ड आलं: मुलुंडच्या शाळेत पहिला भाग करायचाय, येशील का? इथे तुला कुणी ओळखत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं.

रविवारी दुपारी कॉस्मसच्या ओळखीच्या टेम्पोतून सगळे निघाले. पुतळाबाईंना नेणार नव्हते, पण त्या आधीच टेम्पोत बसलेल्या होत्या. तोंड उघडणार नाही अशी शपथ घेऊन त्या हॉलच्या मागच्या रांगेत बसल्या.

मुलुंडची मुलं शिस्तीची होती. झगा नीट आला, कुणी हसलं नाही. राक्षस आला तेव्हा लहान मुलं खरोखर घाबरली. कॉस्मसच्या तोंडून 'सॉरी' निघणार होतं, ते त्याने गिळलं. राक्षस मेला तेव्हा टाळ्या पडल्या. आणि मग सगुणाने कांडी दोन्ही हातांत धरली.

हॉलमध्ये फक्त पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. पहिल्या रांगेतल्या एका मुलीचा खालचा ओठ थरथरत होता. सगुणा एकेक वाक्य म्हणत गेली, तसे मुलांचे चेहरे उतरत गेले. मास्तर विंगेत डोळे मिटून उभे होते. हे सगळं त्यांना हवं होतं तसंच चाललं होतं, आणि सगुणा मात्र रांगेरांगेत हसरा चेहरा शोधत होती. एवढी पोरं, आणि कुणीच हसत नाही. त्या मुलीच्या गालावरून पहिला थेंब ओघळला.

"समुद्रा, ही तुझी कांडी तू घे," सगुणा म्हणाली. पुढचं वाक्य तिला स्वच्छ आठवत होतं. "आणि माझ्या नवऱ्याला जरा लवकर घरी धाड रे, रोज जेवण गार होतं!"

एक क्षण काहीच झालं नाही. मग मागच्या रांगेत पुतळाबाईंची शपथ मोडली, आणि त्यांच्या मागोमाग सगळा हॉल फुटला. ओठ थरथरणारी मुलगी तर हसता हसता बाकावरून घसरली.

पडदा पडल्यावर सगुणा मास्तरांसमोर मान खाली घालून उभी राहिली. "मास्तर, ती पोर रडत होती वो."

"रडत होती," मास्तर म्हणाले. "मी डोळे उघडून पाहिलं तिला." त्यांनी वही उघडली, तिने गाळलेल्या वाक्याशी काहीतरी खरडलं आणि वही मिटली. काय लिहिलं ते सगुणाने दोनदा विचारलं. त्यांनी दाखवलं नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत, कुर्ला मागे पडल्यावर, पुतळाबाई म्हणाल्या, "मुलुंडची मानसं तशी गुनी हायत. पन हसायला लय वेळ लावतान."