पॉइंट टू-टूची गोळी

नात रायफलचा सराव करते, मी मागे गुडघे चोळत बसते. आज पन्नास मीटरवर तिचा नेम सुरेख लागला, शंभरावरचा कागद मात्र कोराच राहिला. पॉइंट टू-टूचं काडतूस ते, करंगळीच्या पेराएवढं. गोळी लांब गेली की खाली येते, वाऱ्यानं सरकते.

"दमली असेल गं वाटेत, माझ्यासारखी," मी म्हटलं.

"कसली दमतेय, आजी! चुकलेली गोळीसुद्धा मैलभर जाते. खोक्यावर धोका म्हणून छापलंय. मागे मातीचा बांध आहे म्हणून बरं."

मी कॉलेजात असताना एन.सी.सी.त अशीच रायफल हाती आली आणि मला शिंगं फुटली. दोन वेण्या आणि ढीगभर शेखी! जीभही तशीच सुटायची. धाकट्या बहिणीला, शांताला, पाहुणे बघायला आले, तेव्हा मी म्हटलं, "दिसायला बेतास बात आहे, पण भाकरी गोल करते हं!" सगळे हसले. मला वाटलं, एवढंसं तर वाक्य, तिथंच विरलं.

परवा मुंजीत फोटोच्या वेळी शांता पदर सावरत मागे सरकली. मी तिला हात धरून पुढे ओढलं.

"नको गं ताई," ती सहज म्हणाली, "तू राहा पुढे. तू छान दिसतेस."