जाऊबाई पुढच्या दाराने आल्या

पळून जाण्यात आमच्या जाऊबाईंचा हात धरेल अशी बाई मी अजून पाहिलेली नाही. गैरसमज नको. संसार सोडून नाही पळाल्या त्या. माझ्या थोरल्या दिरांबरोबर तीस वर्षं नेटाने नांदल्यात, आणि ज्यांनी थोरल्या दिरांचं घोरणं ऐकलंय त्यांना हे केवढं काम आहे ते कळेल. त्या पळायच्या कामावरून. साहेब आला की.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत होतो. त्या सव्वीस वर्षं, मी अकरा. एका इमारतीच्या तळघरात हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे धुवायचे, गरम रोलरमधून काढायचे, घड्या घालायच्या. मालकाच्या कागदांवर तिथे तीनच माणसं कामाला होती: मालक, त्याचा मेहुणा आणि त्याची आई. आई वारून चार वर्षं झाली होती. प्रत्यक्षात राबत होतो आम्ही बारा बायका, आणि आमचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. कुणी कधीच शाळेत गेली नव्हती, कुणी तुरुंगातून सुटून आली होती, एक तर जन्मापासून बहिरी. दुसरीकडे कुठे कोण घेणार होतं आम्हाला? मालकाला ते पक्कं ठाऊक होतं, मेल्याला.

तळघराच्या दारावर घंटा होती. एकदा वाजली तर गिऱ्हाईक. दोनदा वाजली तर कामगार खात्याचा साहेब. मागच्या दाराशी बारा खिळ्यांवर बारा पिशव्या टांगलेल्या असायच्या आणि प्रत्येक पिशवीत बटाटे. दोनदा घंटा झाली की इस्त्री उभी करायची, एप्रन काढून पिशवीत कोंबायचा आणि मागच्या गल्लीत बाजारातून परतणाऱ्या बायका होऊन जायचं. ही सगळी युक्ती जाऊबाईंची. आधी म्हणे पिशवीत टोमॅटो असायचे, पण पळताना त्यांचा लगदा व्हायचा. बटाट्यांना काही होत नाही. माझ्या पिशवीतल्यांना तर हे एवढाले कोंब फुटले होते. बहिरीला घंटा ऐकू यायची नाही, म्हणून जाऊबाई तिला दंडाला धरून ओढायच्या आणि मगच स्वतः बाहेर पडायच्या. कुणालाही मागे ठेवून त्या कधी गेल्या नाहीत, हे मी भांडणातसुद्धा कबूल करते.

एकदा तर कहर झाला. साहेब तपासणी आटोपून मागच्या गल्लीतून निघाला होता. जाऊबाईंचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता, त्या लंगडत चालल्या होत्या. साहेब भला माणूस. पुढे आला, म्हणाला, "आजी, द्या इकडे पिशवी," आणि कोपऱ्यापर्यंत बटाटे आणि ओला एप्रन स्वतः उचलून घेऊन गेला. आमची पाचावर धारण बसली होती. आणि जाऊबाईंना राग कशाचा, तर "आजी म्हणाला मला!" आठ दिवस धुसफुसत होत्या.

गुडघ्याचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. इतकी वर्षं ओल्या फरशीवर उभं राहून काय होणार? शेवटी मी त्यांना रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलावा लागेल, नाहीतर दोन वर्षांत चालणं बंद. कामगारांच्या विम्याचं कार्ड असेल तर सगळं फुकटात होतं. खिडकीतल्या बाईने विचारलं, "काय काम करता?" आणि माझ्या जाऊबाई, सव्वीस वर्षं चादरींचे डोंगर उपसलेल्या जाऊबाई, खाली मान घालून म्हणाल्या, "काही नाही. घरीच असते."

मला इतका संताप आला की तिथेच ओरडणार होते. त्यांनी माझा हात दाबला. परत येताना बसमध्ये मीच रडले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतर वर्षभरात मालक लाँड्रीला कुलूप घालून पसार झाला. बरं झालं, असं आता म्हणते. तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात एका संस्थेतून एक मुलगी आली. काखेत सतत फाईल, म्हणून तिला आम्ही फाईलवाली म्हणायला लागलो. ती म्हणाली, "तुम्हाला मालक कशाला हवाय? काम तुम्हाला येतं. मशीन जुनी मिळतील. तुम्ही बारा जणी मिळून सहकारी लाँड्री काढा. प्रत्येकीचं नाव नोंदलेलं, प्रत्येकीचा विमा, प्रत्येकीचं एक मत. संस्था पहिली दोन वर्षं पाठीशी राहील."

जाऊबाईंचं पहिलं म्हणणं, "आणि साहेब आला तर?"

"येऊ दे की! त्याला बोलवायचंच आहे."

जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारताहेत, या पोरीला ताप आलाय की काय. अर्जावर अंगठा द्यायला त्यांनी तीन दिवस घेतले. फोटो काढायला बसवलं तर दर वेळी मान वळवायच्या. पहिल्या फोटोत नुसता कान आला. आणि अध्यक्ष म्हणून आम्ही सगळ्यांनी त्यांचंच नाव सुचवलं, तेव्हा बाई कुठे? तर मशीनच्या मागे.

पण कामाला लागल्या आणि माणूसच बदललं. नवी जागा म्हणजे एक जुनी शेड, पुढे मोठं दार, मागे छोटं. भिंती आम्हीच रंगवल्या. रोलर कुठे, टेबलं कुठे, उजेड कुठून यायला हवा, सगळं जाऊबाईंनी ठरवलं. उभं राहून करायच्या कामाला त्यांनी उंच स्टुलं करून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही बसून घड्या घातल्या. गप्पा काय, गाणी काय! मला घरी जायचा कंटाळा यायला लागला.

सरकारी रुग्णालयाच्या चादरींचं काम आम्हाला मिळणार होतं. अट एकच. खात्याचा साहेब कधीही न सांगता येणार, निदान दहा सभासद प्रत्यक्ष कामावर दिसले तरच नोंदणी पक्की. नाहीतर अर्ज वर्षभर मागे, आणि रुग्णालय काही वर्षभर थांबणार नव्हतं. नोंदणी झाली की विम्याचं कार्ड, कार्ड आलं की जाऊबाईंचा गुडघा. सगळं त्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं. त्या आता भिंतीला धरून चालायच्या.

साहेब आला तो मंगळवारी दुपारी. फाईलवाली कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली होती. रोलरच्या आवाजात त्याची पहिली घंटा कुणी ऐकली नसावी. म्हणून त्याने लगेच परत वाजवली, दोनदा.

पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते. इस्त्र्या उभ्या झाल्या. एप्रन निघाले. जाऊबाईंनी बहिरीचा दंड धरला. आणि आम्ही बाराच्या बारा जणी मागच्या दाराने गल्लीत, हातात पिशव्या! हो, पिशव्या. नव्या जागेत पहिल्याच दिवशी आम्ही मागच्या दाराशी बारा खिळे ठोकले होते. फाईलवालीने विचारलं होतं, हे कशाला? आम्ही म्हटलं, असू देत. बटाटेसुद्धा ताजे भरले होते.

गल्लीत चार पावलं गेलो तेव्हा बहिरीने आपला दंड सोडवून घेतला. तिला बिचारीला काहीच कळलं नव्हतं. ती समोर उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून तिने विचारलं: काय झालं?

मी जाऊबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंनी माझ्याकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "आपण पळतोय कशाला?"

मी कपाळावर हात मारला. एकजण रडायलाच लागली. आत साहेब रिकामी लाँड्री बघत असणार, मशीन चालू, चहाचे कप गरम आणि माणूस एक नाही. मी म्हटलं, "चला, मागच्या दाराने पटकन आत शिरू, कामाला लागू, त्याला वाटेल इथेच होतो."

"नाही," जाऊबाई म्हणाल्या. "लपून बाहेर आलो, आता लपून आत नाही जायचं. पुढून जाऊ."

शेडला वळसा घालून पुढे यायला त्या गुडघ्याने किती वेळ लागला! मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. पुढच्या दाराशी त्या थांबल्या, पदर नीट केला आणि घंटा वाजवली. आपल्याच लाँड्रीची घंटा! दार साहेबाने उघडलं. हातात आमची यादी, चेहरा आंबट.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"कुणी नको," जाऊबाई म्हणाल्या. मान वर होती. "मी इथे काम करते."

माझ्या कानांनी हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

साहेबाने आम्हा बारा जणींना खालून वरपर्यंत पाहिलं. पिशव्या पाहिल्या. "काम करता? तुम्ही तर बाजारातून येताय. कुणी गोळा करून पाठवलं तुम्हाला मला दाखवायला?"

झालं! आमची युक्ती आमच्याच गळ्यात. माझं डोकं फिरलं, मी त्याला काही तरी ऐकवणारच होते. पण साहेबाची नजर जाऊबाईंच्या पिशवीवर अडकली होती. निळी, एका बंदाला लाल ठिगळ, तीच तळघरातली.

"ही पिशवी..." तो म्हणाला. मग त्याने त्यांच्या पायाकडे पाहिलं. "आजी, तुम्ही?"

"आजी कुणाला म्हणता?" जाऊबाई कडाडल्या. "तेव्हाही म्हणालात! तुमच्या मोठ्या बहिणीएवढी असेन."

आणि मग, साहेब अजून तोंड उघडायच्या आत, त्यांनी पिशवी दाराजवळच्या स्टुलावर उपडी केली. बटाटे गडगडत चहूकडे, आणि स्टुलावर राहिला ओला एप्रन, आमच्या लाँड्रीचं नाव शिवलेला. "घ्या, बघा. त्या तळघरातही असाच होता पिशवीत. तुम्ही उचलून नेलात ना कोपऱ्यापर्यंत? सव्वीस वर्षं घंटा वाजली की पळायची सवय. ती एका दिवसात कशी सुटणार? आज चुकून पळालो. पण परत आलो बघा, पुढच्या दाराने आलो."

साहेब खाली बसला. एक बटाटा हातात घेतला. "सहा वेळा आलो मी त्या तळघरात," तो हळूच म्हणाला. "दर वेळी इस्त्री गरम आणि माणूस नाही. मला वाटायचं, चादरी स्वतःच घड्या घालून घेतात." आणि त्याला हसू फुटलं. असा हसला की चष्मा काढावा लागला. मग काय, आम्हीही! बहिरी तर सगळ्यांत मोठ्याने हसली.

हसून झालं तरी तो नियमाने वागला, हे सांगायला हवं. "आता करून दाखवा," म्हणाला. अर्ध्या मिनिटात बाराही जणी आपापल्या जागी. जाऊबाईंनी आणि मी रोलरमधून चादर ओढली आणि टेबलापर्यंत पोचायच्या आत तिची घडी केली, कडेला कड, एक सुरकुती नाही. साहेब यादीवर एकेकीसमोर खूण करत गेला. जाऊबाईंपाशी आला तेव्हा त्याने विचारलं, "काम?"

"धुलाई, इस्त्री, घडी," त्या म्हणाल्या. "आणि अध्यक्ष." शेवटचं जरा लाजत.

कार्ड दीड महिन्याने आलं. आधी त्यांनी ते देवासमोर ठेवलं, मग थोरल्या दिरांना झोपेतून उठवून दाखवलं, मग उशीखाली ठेवलं. थंडी संपता संपता त्याच सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा जणी दुपारच्या सुट्टीत त्यांना बघायला गेलो. जाऊबाई पलंगावर राणीसारख्या टेकून बसल्या होत्या आणि अंगाखालच्या चादरीची कड बोटांनी तपासत होत्या.

"ही घडी तुझी आहे, धाकटे," त्या मला म्हणाल्या. "कोपरा सोडलायस."

मी उत्तर देणार, तेवढ्यात वॉर्डाच्या दाराशी डॉक्टरांच्या फेरीची घंटा वाजली. दोनदा. आम्ही अकराही जणी ताडकन उठलो, पिशव्या हातात, तोंडं मागच्या दाराकडे.

जाऊबाई पलंगावरून हलल्या नाहीत. पोट धरून हसत होत्या, हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बसा गं," त्या म्हणाल्या. "बसा सगळ्या. आता कुठे जायचं नाहीये आपल्याला."