पन्नासातलं एक काडतूस

काका आधी बोट वर करायचे. त्यांच्या गॅरेजच्या दारात उभं राहून आपण काही बोलायला गेलो, की डावी तर्जनी वर आणि नजर मात्र तराजूच्या काट्यावर. "एक मिनिट. आता बोललीस तर सगळं ओतून पहिल्यापासून." हे नुसतं बोलणं नव्हे. मी एकदा "काका, चहा?" एवढंच विचारलं, तर त्यांनी भरलेल्या तीस पुंगळ्या शांतपणे डब्यात परत ओतल्या. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की चहा मीच करून आणला.

अंडंसुद्धा न खाणारा पुण्याचा माणूस ॲरिझोनात येऊन घरी काडतुसं भरतो, हे ऐकून तुम्ही हसाल. तिथल्या चँडलर गावात आमच्यातले सगळेच हसायचे. काका आमच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात सीनियर इंजिनिअर होते, मी नुकतीच लागले होते, आणि आमची घरं समोरासमोर होती. शेजारचा टॉम, निवृत्त पोस्टमन, त्यांना एकदा नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला आणि काका त्या नादाला लागले. मारायचं ते फक्त कागदी टार्गेट. माझा तर संशय आहे की त्यांना नेमबाजीपेक्षा भरण्याचंच जास्त वेड होतं.

त्यांची पद्धत बघत राहावी अशी होती. टेबलावर बंदुकीच्या पावडरचा डबा एकच, दुसरा कपाटात. लाकडी ठोकळ्यावर काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पुंगळ्या पालथ्या. एक सुलटी करायची, मोजलेली पावडर भरायची, मग पुढची. पन्नास झाल्या की टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावायचं, पावडर सगळीकडे सारख्या उंचीवर आहे ना ते बघायचं. त्यानंतरच वर गोळी बसवायची. "एकदा तोंड बंद झालं की शहाणी आणि वेडी सारखीच दिसते," असं ते म्हणत. पावडर कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, दुप्पट पडली तर बंदूक हातात फुटते.

आणि अशा माणसाच्या हातून चूक झाली.

एका शनिवारी सकाळी ते भरत असताना काकू ओरडल्या, "अहो, पुण्याचा फोन!" त्या काळी पुण्याचा फोन म्हणजे कोणीतरी आजारी, नाहीतर गेलेलं. काका धावले. पण बातमी आनंदाची होती. पुतणीचं लग्न ठरलं होतं. काकूंनी शिरा केला, मलाही हाक मारली. काका बशी हातात घेऊनच गॅरेजमध्ये आले, हसत, बोलत. उरलेल्या पुंगळ्या त्यांनी भरल्या, टॉर्च न मारताच वर गोळ्या बसवल्या, आणि संध्याकाळी तो काडतुसांचा डबा टॉमला देऊन टाकला. बोट काही वर झालं नाही, आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजा सांगायला आमच्यातलेच एक इंजिनिअर, काका सोवळं नेसून पाटावर. काकांचं लक्ष लग्नाच्या बोलण्यात. पूजा सांगणारे म्हणाले, "काका, पाणी दोनदा सोडलंत."

काकांचा चेहरा उतरला. पळी ताम्हनात टाकून ते उठले.

"अहो, पूजा अर्धी टाकून उठता काय?" काकू म्हणाल्या.

"टॉम रेंजवर गेलाय. त्याचे डोळे जातील." मग माझ्याकडे वळून, "तुझी गाडी समोर मोकळी आहे ना? काढ."

रेंजवर फोन नव्हता. वाळवंटात पत्र्याचं एक छप्पर, बस. अर्ध्या तासाच्या त्या रस्त्यात काका एकच गोष्ट पुटपुटत होते. "फोनला उठलो तेव्हा सव्विसावी भरून झाली होती की व्हायची होती? परत येऊन मी तीच भरली का?" मी गाडी इतकी जोरात कधीच चालवली नव्हती. मला रडू येत होतं.

गोळीबार थांबवायची आरोळी तिथे कोणीही द्यावी असा नियम होता. काकांनी ती दिली. उघडे, सोवळ्यात, अनवाणी, तापलेल्या खडीवर. आठ-दहा जणांनी बंदुका खाली ठेवल्या. कोणी हसलं नाही. काका टॉमपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टॉम, डोंट शूट. आय मेड अ मिस्टेक." टॉमच्या अठरा गोळ्या झाडून झाल्या होत्या.

पूजा पुरी झाली, प्रसाद झाला, माणसं गेली. मग काकांनी टॉमकडून परत आणलेली बत्तीस काडतुसं उघडायला घेतली. त्यासाठी त्यांच्याकडे हातोडीसारखं एक हत्यार होतं. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी आणि पावडर सुटी होते. एकेक आपटायचं, पावडर तराजूत घालायची. मी समोर बसून काटा बघत होते. विसावं काडतूस उघडलं आणि काटा थेट वर जाऊन आदळला. दुप्पट.

काकांनी ती पुन्हा एकदा तोलून बघितली. मग ती पावडरची ताटली उचलून टॉमकडे निघाले.

"काका, आता कशाला सांगता? काही झालं तर नाही ना?"

"नाही झालं ते त्याच्या नशिबानं. माझ्या हातून झालंच होतं की."

टॉमने ताटलीत बघितलं, मग काकांकडे. "नेक्स्ट टाइम, यू फिल, आय चेक," एवढंच म्हणाला. त्यानंतर काका भरायचे आणि टॉम टॉर्च मारायचा. फोन काढून ठेवलेला असायचा. सीनियर इंजिनिअरने पोस्टमनकडून आपलं काम तपासून घ्यावं, याची कारखान्यात थट्टा झाली. काकांना त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे माझ्या हातून चिपचा एक आख्खा लॉट बिघडला तेव्हा मी साहेबांकडे आपणहून गेले. ते धाडस माझं नव्हतं.

तीन वर्षांनी काका झोपेतच गेले. फ्युनरल होममध्ये त्यांची शवपेटी उचलायला आम्ही सहा जण पुढे झालो. माझ्यासमोर टॉम होता. त्याने कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि मी त्याची दहाही बोटं बघत चालत राहिले.