पुण्याहून आणलेलं शिळं पाणी

माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम म्हणजे पाण्याची एक बाटली सकाळी पुण्याहून फिरायला न्यायची आणि संध्याकाळी न उघडता परत आणायची. सांगितलं की लोक हसतात. पण माती-पाण्यात पेट्रोल शोधणाऱ्यांचा हा नियमच आहे. प्रयोगशाळा आदल्या दिवशी शुद्ध पाणी भरून देते, तिला आम्ही कोरी बाटली म्हणतो. तिच्यातही पेट्रोल निघालं तर समजायचं, ते आपल्याच हातांना नाहीतर पेटीला लागलेलं होतं. मग सगळे नमुने कचऱ्यात.

ती बाटली माझ्या ताब्यात. मी चंद्रपूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला, चाळिशीला टेकलेला माणूस. आमच्या इंजिनियर मॅडमनी शिक्षण न विचारता मला ठेवून घेतलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण माझ्या आधीचा गडी म्हणे गाडीत पेट्रोल भरून त्याच हातांनी बाटल्या धरायला आला आणि त्याच दिवशी घरी गेला. हे ऐकल्यापासून मी डोक्याला तेल लावणं सोडलं. पेट्रोल पंपासमोरून जाताना श्वाससुद्धा रोखून धरायचो.

कळंबजवळ हायवेला लागून एक मोकळा प्लॉट होता. तिथे कधीकाळी पंप होता. टाक्या उपटून नेलेल्या, आता नुसतं गवत. आम्ही गिरमिटाने माती काढत होतो, बोअर घेऊन पाणी काढत होतो. बांधापलीकडे एका मावशींचं घर, गोठा आणि विहीर. पेट्रोल तिकडे सरकलंय का, हेच मॅडमना हवं होतं. मावशींनी विहिरीला हात लावू दिला नाही.

"नातवाला पोरगी बघतोय आमी," त्या म्हणाल्या. "इहिरीत पेट्रोल हाय म्हणलं तर कोण पोरगी देतंय? म्हणतील, घरात चूल पेटवायची चोरी!"

प्यायला मात्र हवं तेवढं. मी तीन तांबे प्यायलो. ऊन लई होतं म्हणून बाटल्यांची पेटी त्यांच्याच पडवीत ठेवली.

आठवड्याने रिपोर्ट आला. कोऱ्या बाटलीत पेट्रोल!

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या चष्माच पुसत राहिल्या. "नीट आठवा, काय काय केलंत?"

मी सगळं कबूल केलं. दोन दिवस आधी साबुदाणा वडा खाल्ला, तेसुद्धा.

"उद्या परत जाऊ," मॅडम म्हणाल्या. "कारण सापडलं नाही, तर मला वर तुमचं नाव द्यावं लागेल."

खोलीवर जाऊन मी बॅग भरली. चेन मात्र अर्धीच लावली. पूर्ण लावली तर जावंच लागेल, असं काहीतरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी प्लॉटवर पोचतो तोच बांधावरून मावशी. "काय पावणं, माझं पाणी ग्वाड लागलं का न्हाई?"

"कुठलं पाणी, मावशी?"

"बाटलीतलं, राव! पेटीत येक भरलेली व्हती. वर तारीख आदल्या दिवसाची. चौथी शिकलेय मी, वाचता येतं. म्हणलं, येवढ्या लांबचा माणूस, शिळं पाणी घिऊन माघारी जायाचा? वतलं आन् ताजं भरलं. वरची पट्टीबी परत चिकटवली, नीट!"

मी बांधावरच बसलो. बाटली मी बिघडवली नव्हती! डोळ्यांत पाणीच आलं. आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली : म्हणजे पेट्रोल ह्यांच्या विहिरीतलं. मॅडमना सांगावं तर मी वाचतो आणि मावशींची अब्रू जाते. तीन तांबे प्यायलेला माणूस मी. तोंड उघडून नुसता बघत राहिलो.

"दातखीळ बसली व्हय?"

शेवटी आधी त्यांनाच सांगितलं. मावशींनी गोठ्याकडे बघितलं.

"माझ्या म्हशीबी हेच पित्यात की रं," एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचून तडक मॅडमपुढे. "ओ ताई, ह्या पावण्याला काय बोलायचं न्हाई. बाटली मी भरली. आता किती भरायच्यात तितक्या भरा. फकस्त वर माझं नाव नको. शेजारणीचं घाला, तिच्या पोरांची लग्नं झाल्यात."

मॅडम हसल्या. बाटलीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, हे समजवायला अर्धा तास गेला.

विहिरीत पेट्रोल निघालंच. थोडंच, वासही न येण्याइतकं. विहिरीवर झाकण पडलं, म्हशी नळाच्या पाण्यावर आल्या. माझ्या तीन तांब्यांचं काय, हे प्रयोगशाळेला विचारायची हिंमत झाली नाही. बॅग मात्र रिकामी केली.

तेव्हापासून प्रत्येक कोऱ्या बाटलीवर मी माझ्या हाताने चिठ्ठी लावतो : 'हे पाणी शिळंच आहे. बदलू नये.' पुढच्या खेपेला मावशींनी ती बोट ठेवून वाचली आणि माझ्याकडे फार दयेने बघितलं.

"बरं, न्हाई बदलत," त्या म्हणाल्या. "च्या तरी घ्या. नळाच्या पाण्याचा हाय."