फाट्यावर उतरलेली एकच गादी

महाडच्या बाजारपेठेत दुकान असलं की पाणी चढायला लागल्यावर माळ्यावर आधी काय टाकायचं, याचा क्रम पाठ करावा लागतो. माझा होता. मागच्या मोठ्या पुरात माळाही बुडाला. वॉकर, कमोडच्या खुर्च्या, चाकाच्या खुर्च्या, सगळं सावित्री नदीच्या चिखलात गेलं. तो चिखल उपसून झाल्यावर मी ठरवलं की रुग्णांच्या वस्तू विकायच्या, पण यापुढे माल ठेवायचा नाही.

वेबसाइट काढली. ऑर्डर माझ्याकडे यायची आणि भिवंडीच्या एका गोदामातून माल थेट गिऱ्हाइकाकडे जायचा. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. गिऱ्हाइकं बहुतेक मुंबईची, अंथरुणाला खिळलेली माणसं मात्र इथली, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमधली. तिथे कुरिअरवाला चढत नाही आणि फोनला रेंज नसते. म्हणून आमच्याकडे एक रीतच पडली. पत्ता द्यायचा फाट्यावरच्या किराणा दुकानाचा आणि मोबाइल नंबरही त्या दुकानदाराचाच. फक्त नाव ज्याचं त्याचं. तो बिचारा खोकी उतरवून घ्यायचा आणि वर जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात चढवून द्यायचा. या रीतीने माझं काम कधी अडलं नव्हतं, कारण रोज सकाळी मी स्वतः यादी करून गोदामाला पाठवत असे आणि तिथला माणूस नावं वाचून माल काढत असे.

मग गोदामाने नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ऑर्डर आता आपोआप जाणार होत्या. मी काही पाठवायचं नव्हतं, फक्त पडद्यावरच्या हिरव्या खुणा बघायच्या. सकाळी चहा घेताना मी त्या वहीत उतरवून घ्यायची. नवरा म्हणायचा, "झाली का तुझी आरती? आता त्या खुणांना नैवेद्य दाखव."

भातकापणीच्या दिवसांत एकाच फाट्याच्या पत्त्यावर हवेच्या गादीच्या दोन ऑर्डर आल्या. ही गादी छोट्या पंपावर चालते. तिच्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे पडून असलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होत नाहीत. पहिली ऑर्डर नवी मुंबईत गाडी चालवणाऱ्या एका मुलाची, खालच्या वाडीतल्या त्याच्या वडिलांसाठी. दुसरी वरच्या वाडीतल्या एका बाईची. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती सासर सोडून आईपाशी येऊन राहिली होती. आईच्या पाठीला जखम सुरू झाली होती, म्हणून तिला घाई होती. दोन्ही ऑर्डरींपुढे हिरवी खूण आली. मी दोन्ही वहीत उतरवल्या.

काही दिवसांनी त्या बाईचा फोन आला. रेंजसाठी ती खडकावर चढून बोलत होती.

"ताई, गादी आली का वो?"

मी पडदा बघितला. "आली आहे. फाट्यावर पोचली. घेऊन जा."

ती कापणी टाकून पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून खाली गेली. तासाभरात दुकानदाराचा फोन आला.

"मॅडम, गादी येकच हाय. तिच्यावर खालच्या वाडीच्या म्हाताऱ्याचं नाव हाय. ही हितं बसून हाय, काय सांगू?"

मागून तिचा आवाज आला, "काका, त्यांना सांगा, पडद्यावर आली म्हनालात ना? मग काय पडद्यावर झोपवू आयेला?"

गोदामाला फोन लावला. तिथला मुलगा वाचून दाखवल्यासारखा बोलत होता. दोन्ही ऑर्डर पोचल्या आहेत, असं तो तीनदा म्हणाला. शेवटी त्याने आपल्या साहेबाला फोन दिला, तेव्हा उलगडा झाला. एकच पत्ता, एकच मोबाइल, एकच वस्तू. सॉफ्टवेअरला वाटलं की गिऱ्हाइकाने चुकून बटण दोनदा दाबलं. त्याने दुसरी ऑर्डर पहिलीला जोडून टाकली आणि पहिली पोचल्यावर दोन्हींना पोचल्याची खूण केली. साहेब म्हणाले, "मॅडम, दोन वेगळ्या घरांचा एकच पत्ता कोण देतं?"

आमच्याकडे सगळेच देतात, हे त्यांना समजावण्यात वेळ घालवला नाही. नवी गादी ताबडतोब माझ्या महाडच्या पत्त्यावर पाठवा, असं सांगितलं. मग महाडमधली दोन दुकानं, नंतर खेड आणि माणगाव इथे फोन केले. एकाकडे होती, ती भाड्याने गेलेली होती.

दुकानदाराचा पुन्हा फोन. "मॅडम, तुमी सांगा, कुनाला देऊ? तुमचं नाव घेतो आनि देतो. पन मला मधी घालू नका."

मला हिशोब सरळ दिसत होता. म्हातारबाबांना पडून थोडेच दिवस झाले होते, पाठ अजून चांगली होती. बाईच्या आईची कातडी फाटली होती. आधी तिला द्यायची आणि नवी आली की त्यांना. त्याला फोन बाईकडे द्यायला सांगून मी तिला म्हटलं, "तुम्ही त्यांच्याकडे जाऊन चार दिवसांसाठी मागाल का? ओळखीचे असतील ना?"

"वळखीचे? आमचे चुलतेच हायत. बांधावरून बोलनं बंद हाय. त्यांच्या दारात मी नाय जायची."

म्हणून मी म्हातारबाबांच्या मुलाला फोन केला. तो गाडी चालवत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, एक सांगा. पेमेंट मी केलं, नाव माझ्या बापाचं. मिस्टेक तुमच्या सिस्टीमची. आणि उपकार मी करायचे?"

"चारच दिवसांचा प्रश्न आहे. त्यांना जखम आहे."

"मग त्यांनी येऊन मागावी ना. तोंड आहे की त्यांना. बांध कोरताना होतं."

दुसऱ्याची वस्तू मला देता येत नव्हती. मी दुकानदाराला सांगितलं, खोक्यावर नाव असेल त्याला द्या. ती बाई तशीच वर गेली, असं त्याने मला सांगितलं. जाताना काही बोलली का, हे मी विचारलं नाही.

नवी गादी यायला सांगितल्यापेक्षा जास्त दिवस लागले. पनवेलला ती अडकून पडली होती, पडद्यावर मात्र रोज निघालेली दिसत होती. आली त्या दिवशी नवऱ्याला गाडी काढायला लावली. फाट्यावर मिनीडोर नव्हती आणि वरच्या कच्च्या रस्त्याला आमची गाडी चढली नसती. आम्ही खोकं दोघांनी धरलं आणि पाखाडी चढलो.

वाटेत खालची वाडी लागते. म्हाताऱ्यांच्या घराच्या पडवीत दम खायला थांबलो. तिथे कोपऱ्यात एक खोकं होतं. माझ्याच ऑर्डरचं, पट्ट्यांसकट, न उघडलेलं. आत म्हातारबाबा पातळ सतरंजीवर पडले होते. त्यांची बायको पाणी घेऊन आली.

"आजी, गादी उघडली नाहीत?"

"पोरगा येनारे ना. त्यानं धाडलीय, त्याच्याच हातानं उघडू."

"मी लावून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको गो बाय. मुंबईची वस्तू हाय, बिघडली तर? त्याला राग यायचा."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायले आणि उठले.

वर ती बाई दारातच होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं नाही. आतल्या खोलीचा वास ओटीवर येत होता. आम्ही खाटेवर गादी पसरली, पंप लावला. लाइट होती, हे नशीब. मग तिने आईला कुशीवर वळवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघा."

मी बघितलं. अशा जखमेवर गादीचा उपयोग नसतो. माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं आणि दवाखान्यातही बहुतेकदा उशीर झालेला असतो. तीस वर्षं या वस्तू विकल्यावर एवढं मला कळतं. मी तिला आजच महाडला न्यायला सांगितलं. गाडी खाली आहे, म्हटलं.

"भात कोन झोडनार?" असं म्हणाली खरी, पण कपडे पिशवीत भरायला लागली. भरता भरता तिने विचारलं, "खाली थांबलात ना? त्यांच्याकडं गादी बघितलीत?"

"हो."

"लावलीय का त्यांनी?"

नवरा खाकरला. मी म्हटलं, "नाही. पडवीत आहे. उघडलेली नाही."

ती पिशवीची गाठ मारत राहिली. म्हातारी कण्हली, "काय झालं गो?"

चार माणसांनी डोलीतून म्हातारीला खाली आणलं. खालच्या वाडीवरून जाताना दोघं तिथलेही मदतीला पुढे आले. तिने त्यांना हात लावू दिला नाही.

आई दवाखान्यातच वारली. पुढचं मला फाट्यावरच्या दुकानदाराने सांगितलं. मयत वर आणल्यावर नवी मुंबईचा मुलगा खास आला होता. भावकीतला म्हणून खांद्याला पुढे झाला. त्या बाईने सगळ्यांदेखत त्याला अडवलं. पडवीतलं खोकं आधी उघड, मग माझ्या आयेला खांदा दे, म्हणाली. बायाबापड्यांनी मध्ये पडून तिला आत नेलं. तो मागे झाला तो सरळ घरी गेला.

तेरावं झाल्यावर त्याचा मला फोन आला. मी समजले की गादीबद्दल काही तक्रार असेल.

"मॅडम, ते खोकं उघडलं नव्हतं, हे तुम्ही तिला सांगितलं?"

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून सांगायचं? आता आम्हाला गावात पाय ठेवता येत नाही. माझ्या बापाला उद्या काही झालं तर त्या वाडीतून कोण येणार?"

मी समोरची वही मिटली.

"तुमचं काम माल पोचवायचं होतं मॅडम," तो म्हणाला. "तेवढं केलं असतंत तर बास होतं."